कुटुंब नियोजनातील पुरुषाचा वाटा
(सातारा-सांगलीच्या ग्रामीण वैद्यकव्यवसायातील अनुभव व विचार)

ग्रामीण भागात वैद्यकव्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्या वैद्यांच्या दवाखान्यात दुपारच्या वेळी स्त्रीरुग्णांची संख्या अधिक असते. अंगावरून जाणे, कंबर दुखणे, पांडू, वारंवार गर्भपात, दोन बाळंतपणांत अंतर नसल्याने आलेली कृशता अशा तक्रारी घेऊन या भगिनी येतात. त्यांना घेऊन आलेली पुरुषमंडळी मात्र दाराबाहेर मोटारसायकलजवळ उभी असतात. आपले काम फक्त आणण्या-नेण्याचे, अशी त्यांची समजूत असते. खेदाची गोष्ट अशी की, आपण वैद्यही ही समजूत क्वचितच दूर करतो. पाळणा लांबविण्याविषयी वा थांबविण्याविषयी बोलायचे तर ते बाईशी, असा जणू नियमच आपण पाळत आलो आहोत.

या विषयावर लिहिण्यास आम्हास प्रवृत्त करणारा एक प्रसंग प्रथम नमूद करतो. अनेक वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावातील शेतकरी आमच्याकडे आला होता. त्याला तीन अपत्ये होती. पत्नीच्या अंगी रक्त कमी, तिसऱ्या बाळंतपणात तिला फार त्रास झालेला. त्याने बराच वेळ घुटमळून विचारले, "डॉक्टर, तिच्याऐवजी मी करून घेतलं तर? पण पोतं उचलायचं बळ राहील नव्हं?" त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. "बघू, घरच्यांशी बोलून घ्या," इतकेच आम्ही म्हणालो. पुढे पत्नीचीच शस्त्रक्रिया झाली. तिची जखम चिघळली आणि तीन महिने ती शेतावर जाऊ शकली नाही. नंतर भेटल्यावर तो शेतकरी शांतपणे म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला नव्हता, पण हो बी म्हणाला नव्हता." आमच्या मौनाचा अर्थ त्याने नकार असा घेतला होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हास ठाऊक होते, ते द्यावयास पाच मिनिटे पुरली असती. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

आकडे काय सांगतात?

२०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका खाली आला आहे. म्हणजे लहान कुटुंबाचा विचार आपल्या समाजाने स्वीकारलेला आहे, हे निर्विवाद. प्रश्न आहे तो या विचाराचे ओझे कोणी उचलले याचा. याच पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आढळली, तर पुरुषाची शस्त्रक्रिया झालेल्या जोडप्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात हेच प्रमाण स्त्रियांच्या बाबतीत सुमारे ४९ टक्के, तर पुरुषांच्या बाबतीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. निरोधचा वापर देशात ९.५ टक्के जोडप्यांत आढळला. गर्भनिरोध हे बायकांचे काम असून पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, असे देशातील सुमारे ३५ टक्के पुरुषांनी या पाहणीत सांगितले.

आता या दोन शस्त्रक्रियांची तुलना करावी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत उदरपोकळी उघडावी लागते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत केवळ वृषणकोशाच्या त्वचेला सूक्ष्म छिद्र पाडावे लागते. एका वर्षात अपयश येण्याचे प्रमाण स्त्री-शस्त्रक्रियेत शंभरात सुमारे ०.५, तर पुरुष-शस्त्रक्रियेत सुमारे ०.१५ असे सांगितले जाते. म्हणजे सोपी, अल्पखर्चाची, कमी धोक्याची आणि अधिक भरवशाची शस्त्रक्रिया बाजूस ठेवून आपण अवघड शस्त्रक्रिया घरातील दुर्बल रक्ताच्या व्यक्तीवर करीत आलो आहोत. शास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हे समर्थनीय नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या व त्यानंतर तेरा स्त्रियांना प्राण गमवावे लागले, ही घटना आपण विसरता कामा नये. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

हे असे का झाले?

पुरुष पूर्वीपासूनच या कामी मागे होता, असे मानणे इतिहासाला धरून नाही. महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार प्रथम मांडणारे र. धों. कर्वे हे पुरुषच होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसारासंबंधीचा ठराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने मांडला गेला. तो संमत झाला नाही, तथापि विषय सभागृहाच्या पटलावर आला. १९५२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा जगात असा कार्यक्रम स्वीकारणारा आपला देश पहिला होता.

१९६० च्या दशकात व १९७० च्या प्रारंभी देशात होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये पुरुषांच्या शस्त्रक्रियांचेच प्रमाण अधिक होते, ही गोष्ट आजच्या तरुण वैद्यांना नवलाची वाटेल. १९७१ साली केरळातील एर्नाकुलम येथे एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या. मग आला आणीबाणीचा काळ. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या व त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. त्यात उद्दिष्टपूर्तीसाठी केलेल्या सक्तीचा भाग किती होता, हे त्या पिढीने पाहिलेले आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झाले, परंतु 'नसबंदी' या शब्दाला चिकटलेली भीती गेली नाही. राजकीय पुढाऱ्यांनी पुरुषांना हात लावणे सोडले आणि त्याच सुमारास दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्याने सारा भार स्त्रियांकडे सरकला.

आजच्या पंचविशीतल्या तरुणाने आणीबाणी पाहिलेली नाही. तथापि आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे ती भीती कारण न सांगता उतरली आहे. कारण ठाऊक नसलेली भीती घालविणे अधिक कठीण असते.

शुक्र, बळ आणि बिनटाका शस्त्रक्रिया

आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या मनातील भीती बहुतेक एकाच वाक्यात येते : 'नस कापली की बळ जाते.' या भीतीचे मूळ शुक्रधातूविषयीच्या लोकसमजुतीत आहे. म्हणूनच ती दूर करण्याचा अधिकार आणि जबाबदारी आयुर्वेदाच्या वैद्याकडे विशेषत्वाने येते.

चरकाचार्यांनी शुक्र हे एका जागी साठलेले नसून उसात रस, दह्यात तूप आणि तिळात तेल असावे तसे सर्व देहात व्यापून असते, असे सांगितले आहे. आमच्या भागातील शेतकऱ्याला उसाचा दृष्टान्त निराळा समजावून सांगावा लागत नाही. उसाच्या पेऱ्यापेऱ्यात रस असतो. शेताच्या बांधावरची एक चारी बंद केली म्हणून उभ्या उसातला रस आटत नाही. तसेच हे आहे. शस्त्रक्रियेत वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी दोन्ही बाजूंची बारीक नळी तेवढी बंद केली जाते. पौरुषत्व टिकविणारे टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य वृषणात तयार होऊन थेट रक्तात मिसळते, त्याचा या नळीशी संबंध नाही. वीर्याचा फार मोठा भाग शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. वृषणातून येणारा भाग शंभरात दोन ते पाच इतकाच असतो. त्यामुळे बळ, कामेच्छा, ताठरता, वीर्याचे दिसणारे प्रमाण यांत फरक पडत नाही. तयार होणारे शुक्राणू शरीरातच विरून जातात.

येथे काही अभ्यासू वैद्यबंधू एक शंका उपस्थित करतील व ती रास्त आहे. सुश्रुताचार्यांनी शुक्रवह स्रोतसाचे मूळ स्तन व वृषण सांगून, त्याचा वेध झाल्यास क्लैब्य, शुक्राची उशिरा प्रवृत्ती व रक्तयुक्त शुक्र ही लक्षणे वर्णिली आहेत. अश्मरीच्या शस्त्रकर्मातही शुक्रवह स्रोतसास जपावे, असे त्यांनी बजावले आहे. मग नसबंदीने क्लैब्य येणार नाही काय? याचे उत्तर संदर्भात आहे. सुश्रुतांचे वर्णन आघाताने किंवा बस्तिप्रदेशातील खोल छेदाने होणाऱ्या वेधाचे आहे. त्यात सिरा, धमनी व तत्संबंधी नाड्या एकदमच जखमी होतात. बिनटाका शस्त्रक्रियेत त्वचेखाली चटकन हाताला लागणारी नळी तेवढी वेगळी करून बांधली जाते. वृषणाचा रक्तपुरवठा, त्याच्या नाड्या व शिश्नाकडे जाणाऱ्या नाड्या यांना स्पर्शही होत नाही. स्रोतसाचे मूळ अबाधित राहते. दोन निराळ्या गोष्टींना एकच फलश्रुती लावणे हे शास्त्राला धरून होणार नाही.

बिनटाका पद्धत ही चीनमधील डॉ. ली शुन्‌च्यांग यांनी १९७४ साली विकसित केली. जागा बधिर करून एका सूक्ष्म छिद्रातून दोन्ही बाजूंची नळी बांधली जाते. टाका घालावा लागत नाही. दहा ते वीस मिनिटांत काम होते व थोड्या विश्रांतीनंतर रुग्ण घरी जाऊ शकतो.

रुग्णास काय सांगावे?

शस्त्रक्रिया करणे हे प्रशिक्षित शल्यचिकित्सकाचे काम आहे. आपले काम तिच्या आधी व नंतर नेमके बोलण्याचे आहे. आम्ही पुढील गोष्टी आवर्जून सांगतो.

१. ही शस्त्रक्रिया कायमची मानावी. नळी पुन्हा जोडता येते, पण अपत्य होईलच याची शाश्वती नसते. ज्याचे मन डळमळीत आहे त्याला घाई करू नये.

२. शासकीय निकषांनुसार पुरुष विवाहित व साठ वर्षांखालील असावा आणि किमान एक अपत्य एक वर्षाहून मोठे असावे. पत्नीची लेखी संमती सक्तीची नाही. परंतु तिच्याशी बोलूनच निर्णय घ्यावा, हा आमचा आग्रह असतो.

३. त्या जागी जंतुसंसर्ग, मोठी अंडवृद्धी, आंत्रवृद्धी, हत्तीरोगाची सूज, रक्त न थांबण्याचा विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असल्यास ते शल्यचिकित्सकाला आधी कळवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तेही सांगावे.

४. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, लंगोट किंवा घट्ट चड्डीचा आधार ठेवावा. आठवडाभर ओझे उचलणे, सायकल, नांगरट टाळावी. पोते उचलण्याचे बळ जात नाही, ते आठवडाभर लांबणीवर पडते इतकेच.

५. जखमेवर हळद, लेप, तेल वा शेक असे काहीही करू नये. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला तर रुग्णास त्वरित जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे पाठवावे. घरगुती उपचारात दिवस घालवू नयेत. थोड्या रुग्णांत दुखणे दीर्घकाळ राहते, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

६. सर्वांत महत्त्वाचे : शस्त्रक्रियेने त्याच दिवसापासून संरक्षण मिळत नाही. नळीच्या पुढील भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरावे आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यावी.

हा सहावा मुद्दा सांगताना आम्ही आवाज मुद्दाम थोडा चढा ठेवतो. कारण तो सांगितला न गेल्यास त्याची शिक्षा पत्नीला भोगावी लागते. तीन महिन्यांच्या आत दिवस राहिले, किंवा क्वचित प्रसंगी नळी आपोआप जुळून पुढे कधी दिवस राहिले, तर गावात बोट प्रथम तिच्या चारित्र्याकडे दाखविले जाते. अशा वेळी वैद्याने पहिले वाक्य हेच उच्चारावे : 'आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा.' एका साध्या तपासणीने संसार वाचतो, कधी जीवही वाचतो.

शस्त्रक्रियेनंतर 'अशक्तपणा आला' म्हणून येणाऱ्या पुरुषास महागडी वाजीकरण औषधे देण्याचा मोह कोणास होऊ शकतो. तो टाळावा. औषध दिले की, बळ गेले होते हे आपणच मान्य केल्यासारखे होते. त्याच्या निद्रेची, आहाराची, व्यसनांची व मनातील भीतीची चौकशी करावी. तेवढ्याने बहुतेकांचे समाधान होते.

निरोध आणि तैल

पाळणा थांबविण्याइतकाच तो लांबविण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुरुषाने वापरावयाचे तात्पुरते साधन आज एकच, ते म्हणजे निरोध. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुरुषांसाठी नळीत टोचावयाच्या एका द्रव्याची ३०३ पुरुषांवर केलेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली व तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि ते संशोधन झाले. आयुर्वेदीय ग्रंथांतही गर्भनिरोधक योग आढळतात, परंतु ते मुख्यतः स्त्रियांसाठी सांगितलेले आहेत आणि पुरुषांसाठी भरवशाचे म्हणून देता येईल असे सिद्ध औषध आपल्याजवळ नाही, हे आपण स्वच्छ मनाने सांगितले पाहिजे. त्याविषयी खोटा विश्वास दिल्यास त्याची किंमत एका स्त्रीला गर्भपाताने द्यावी लागते.

निरोधसंबंधी आमच्या भागात एक विशेष अडचण आहे. सांगली जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात एड्सचा प्रश्न गंभीर झाला. 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये निरोधच्या वापराचे मोलाचे काम केले. परंतु सर्वसाधारण गावकऱ्याच्या मनात निरोध हा शब्द रोगाशी आणि बाहेरख्यालीपणाशी जोडला गेला. घरात निरोध सापडला तर पत्नी संशय घेते, पत्नीने मागितला तर पती संशय घेतो. यावर उपाय म्हणजे दोघांना एकत्र बसवून हे साधन बाळंतपणातील अंतराचे म्हणून सांगणे. रोगापासून संरक्षण हा त्याचा आणखी एक लाभ होय.

आयुर्वेदाच्या वैद्याने एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी. निरोध रबराचा असतो व तेल, तूप, व्हॅसलिन यांच्या संपर्काने रबर अल्पावधीत कमजोर होऊन फाटते. आपण स्थानिक अभ्यंगासाठी तिळतेल वा सिद्धतैल लिहून देतो, योनिपिचूसाठी तैल देतो. अशा रुग्णास त्या काळात निरोधवर विसंबू नये, हे सांगणे आपले कर्तव्य आहे. किती दवाखान्यांत हे सांगितले जाते? आम्हीही पूर्वी सांगत नव्हतो. तसेच निरोध पाकिटात, खिशात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये व मुदत पाहून घ्यावा. अचूक वापरात वर्षभरात शंभरात दोन, तर नेहमीच्या हलगर्जी वापरात सुमारे तेरा जोडप्यांत दिवस राहतात. हा फरक समजावून सांगणाऱ्याच्या हाती आहे.

परगावी राहणारा नवरा

खानापूर, आटपाडी व त्यालगतच्या माण, खटाव या दुष्काळी भागातील असंख्य पुरुष सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेलेले आहेत. पाटण, जावळीकडील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी काम करीत आले. यांतील अनेकांची कुटुंबे गावी असतात. नवरा यात्रेला, दिवाळीला किंवा मे महिन्यात पंधरा दिवस येतो आणि जातो. अशा घरातील स्त्री रोजची गोळी वर्षभर कशासाठी घेईल? आणि नवरा आल्यावर ती सुरू केली तर लगेच उपयोग होत नाही. येथे नवऱ्याच्या हाती असलेले साधनच उपयोगाचे. म्हणून यात्रेच्या आधीचा आठवडा हा आमच्या मते कुटुंब नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ आहे. गावच्या आशाताईंशी बोलून या काळात पुरुषांपर्यंत निरोध पोहोचेल, अशी व्यवस्था वैद्य सहज करू शकतो.

सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली एक वेगळी योजना राबविली. ती वृत्तपत्रांतून 'हनिमून पॅकेज' या नावाने गाजली. लग्नानंतर पहिले अपत्य दोन वर्षे लांबविणाऱ्या जोडप्यास पाच हजार रुपये व तीन वर्षे लांबविणाऱ्यास साडेसात हजार रुपये देण्याची ती योजना होती. रकमेविषयी मतभेद असू शकतात. आमच्या दृष्टीने तिचे मोल असे की, नवविवाहित पती व पत्नी या दोघांना मिळून एक शासकीय योजना प्रथमच सामोरी गेली. सुश्रुतांनी सोळा वर्षांखालील स्त्री व पंचवीस वर्षांखालील पुरुष यांपासून होणाऱ्या गर्भाविषयी दिलेला इशारा आपण परीक्षेसाठी पाठ केला, परंतु त्यात पुरुषाचेही वय सांगितले आहे याकडे आपले लक्ष गेले नाही.

मुलगा होईपर्यंत

या विषयातील सर्वांत कटू भाग आता मांडतो. आमच्या भागात पाळणा थांबतो तो बहुधा मुलगा झाल्यावर. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण सांगली जिल्ह्यात ८५१ व सातारा जिल्ह्यात ८७८ होते. २०११ मध्ये ते अनुक्रमे ८६७ व ८९५ झाले. सुधारणा आहे, पण समाधान मानावे अशी नाही. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या. त्यांपैकी २८५ मुलींना २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलले, चांगले झाले. परंतु ज्या घरात ते नाव ठेवले गेले, तेथे 'आता पुरे' असे म्हणणारा बाप नव्हता, हे त्या नावातच लिहिलेले होते. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले, त्यामागे वैद्यकीय व्यवसाय करणारी व्यक्तीच होती.

येथे आपल्या शास्त्राचे नाव घेऊन होणारा एक गैरप्रकार थांबविला पाहिजे. पुंसवनविधीच्या आधारे मुलगा होण्याचे औषध देणे किंवा त्याची जाहिरात करणे हे फलहीन तर आहेच, शिवाय गर्भधारणेपूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्याच्या कक्षेत येणारा तो गुन्हा आहे. पित्याच्या बीजानेच अपत्याचे लिंग ठरते, ही एकच गोष्ट दवाखान्यात नवऱ्यासमोर व सासूसमोर स्पष्टपणे सांगितली तरी पुष्कळ काम होते. मुलगी झाल्याचा दोष जोवर सुनेवर आहे, तोवर पुरुष नियोजनात सहभागी होणार नाही.

वैद्याने काय करावे?

गावातील पुरुषाशी पुरुष वैद्याने बोलल्यास फरक पडतो काय, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १०८१ जोडप्यांवर 'चार्म' नावाचा अभ्यास करण्यात आला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. गावातील पुरुष वैद्यकव्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी तरुण नवऱ्यांशी व नंतर जोडप्यांशी बोलणी करविण्यात आली. या व्यावसायिकांत ॲलोपॅथीखेरीज अन्य पॅथीचेही होते. ज्या गावांत हे झाले, तेथील पती-पत्नींत या विषयावर बोलणे वाढले, साधनांचा वापर तुलनेच्या गावांपेक्षा अधिक झाला आणि दीड वर्षानंतर पतीकडून होणारी लैंगिक बळजोरीही कमी आढळली. पुढे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात याच धर्तीवर दुसरा अभ्यास झाला. म्हणजे जे काम आपल्याकडून अपेक्षित आहे, ते करून पाहिलेले व फळलेले आहे.

आमच्या दवाखान्यात आम्ही काही साधे बदल केले. गरोदर स्त्रीच्या तपासणीला एकदा तरी नवऱ्याने आत येऊन बसावे, असे सांगतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या भेटीत पुढील अपत्याविषयी दोघांना विचारतो. शेतकऱ्यास त्याच्याच भाषेत म्हणतो : 'लागणीनंतर खोडवा, खोडव्यानंतर निडवा घेतलास तर उतारा घटतो, हे तुला ठाऊक आहे. रानाला विसावा देतोस ना?' हे म्हटल्यावर लगेच पुढचे वाक्यही जोडतो की, रानाला मन नसते आणि घरच्या बाईला असते, म्हणून तिलाही विचार. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पाळल्या जाणाऱ्या पुरुष नसबंदी पंधरवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क ठेवून इच्छुकांची नावे कळवितो. ज्याने शस्त्रक्रिया करून घेतली आहे असा एखादा पुरुष तयार असल्यास त्याची व नव्या माणसाची गाठ घालून देतो. पोते उचलणाऱ्या माणसाचा शब्द आमच्या दहा शब्दांहून भारी ठरतो. मात्र उद्दिष्ट, दबाव वा आमिष यांचा स्पर्शही या कामास होऊ देत नाही. १९७६ ची चूक पुन्हा घडल्यास आणखी दोन पिढ्या वाया जातील.

हे सारे करूनही फार मोठे यश मिळाल्याचा दावा आम्ही करीत नाही. शस्त्रक्रिया करून घेणारे पुरुष आजही मोजकेच आहेत. परंतु दाराबाहेर उभे राहणारे काही जण आता आत येऊन बसतात, प्रश्न विचारतात.

समारोप

आपल्या शास्त्राने गर्भाच्या उत्पत्तीस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टी कारण सांगितल्या. त्यांतील बीजाचा अर्धा भाग पुरुषाचा आहे, मग जबाबदारीत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याचा का असावा? महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दवाखाने चालविणाऱ्यांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. पुरुष आपल्या बळाविषयीची, शुक्राविषयीची शंका प्रथम आपल्यालाच विचारतो, कारण या विषयातील जाणकार म्हणून तो आपल्याकडे पाहतो. तो विचारील तेव्हा दवाखान्यात गर्दी असेल, तो घुटमळेल, प्रश्न अर्धाच विचारील. तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून त्याला बसावयास सांगावे व पूर्ण उत्तर द्यावे, इतकीच आमची नम्र विनंती आहे.